स्लॅबखालचा उन्हाळा

विदर्भातल्या गावात घरकुल मंजूर झालं की पहिली इच्छा स्लॅबची असते, आणि ती अगदी समजण्यासारखी आहे. कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घराची दर पावसाळ्याआधी फेरणी करावी लागते. फेरणारा माणूस मिळत नाही, वाळवी लाकूड पोखरते आणि वानरांची एक टोळी छपरावरून गेली की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. स्लॅब पडला की हा व्याप मिटतो.

मग मे महिना येतो. दिवसभर तापलेला चार-पाच इंची स्लॅब रात्रभर ती धग खोलीत सोडत राहतो. पंखा गरम हवाच फिरवतो. तान्ह्या मुलाला घेऊन बाई अंगणात बाज टाकते.

घरांनी किती उष्णता आत घ्यावी याचे नियम देशात आहेत. 2018 साली आलेल्या ‘इको निवास संहिते’ने छतासाठी जी मर्यादा घातली, तिच्या जवळपास तिप्पट उष्णता उघडा स्लॅब आत जाऊ देतो. पण ही संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी होती. ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर! ज्याला एसी परवडतो त्याच्या छताची काळजी नियमाने घेतली, ज्याला परवडत नाही तो नियमाबाहेरच राहिला. हा अन्याय आहे.

यावर उपाय आहे, आणि तोही जुना. स्लॅबमध्ये खालच्या बाजूचा ताण काँक्रीट नव्हे, सळ्या झेलतात. तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये नेमकं तेच कमी केलं. सेंट्रिंगवर सळ्यांच्या चौकटींमध्ये मंगळुरी कौलांच्या जोड्या मांडायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. सिमेंट वाचतं, वजन घटतं, दोन कौलांमध्ये अडकलेली हवा उन्हाला अडवते. खालून पाहिलं तर छताला तांबडी नक्षी दिसते. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7-8 टक्के असताना ही बचत किरकोळ नाही.

बेकर 1940च्या दशकात मुंबईत गांधीजींना भेटले होते. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. त्याच विचाराची माती-बांबूची बापू कुटी सेवाग्रामला आजही उभी आहे, आणि तिच्या भोवतालच्या गावांत उघडे स्लॅब पडत आहेत.

घरकुलाचं मूळ अनुदान मैदानी भागात 1 लाख 20 हजार रुपये आहे. त्यात लाभार्थ्याने प्रयोग करावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. ते काम सरकारचं. तेलंगणाने 2023 मध्ये थंड, म्हणजे ऊन परतवणाऱ्या, छतांचं धोरण आणलं. महाराष्ट्राने घरकुलांपासून सुरुवात करावी: गवंडी प्रशिक्षणात कौलं घातलेला स्लॅब शिकवावा, घरकुलाच्या नकाशांत तो द्यावा आणि आधीच पडलेल्या स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारण्याचा खर्च मंजूर करावा.