दुकानासमोरची नाली कोणाच्या पैशाने होते?

खाप्यात काय किंवा सावनेरात काय, ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचला एक प्रश्न येतोच. "सर, नगरपरिषदेचा टॅक्स कशाला भरायचा? दुकानासमोरची नाली तर तशीच आहे."

माझं मत सरळ आहे. टॅक्स वेळेवर भरा, आणि मग नालीचा हिशोब मागा. उलटं करू नका.

आधी जकात होती. नगरपरिषदेच्या हातात रोजचा रोकडा यायचा. 1999 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली, त्याबदल्यात सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. म्हणजे गल्ला गेला आणि महिन्याचा मनीऑर्डर आला, असं समजा. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण तो बांधलेला. 15व्या वित्त आयोगात लहान शहरांच्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, अशी अट होती. नगरोत्थानसारख्या योजनेतही नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. पीएमईजीपीचं कर्ज घेताना जनरलवाल्याला 10 टक्के स्वतःचे दाखवावे लागतात ना? तसंच हे. खिशात मार्जिन नाही, तर योजना कागदावरच.

हे मार्जिन येतं कुठून? मालमत्ता कर, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. म्हणजे तुमच्या-माझ्याकडून. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे बाँड काढले. बाजाराने पैसे दिले, कारण स्वतःची वसुली दाखवता आली. खाप्याला बाँड नको हो, पण नियम तोच.

माझी चूकही सांगतो. दुकानाच्या पहिल्या वर्षी टॅक्सचे पैसे सीझनच्या मालात टाकले. बीबीए केलेला माणूस, वाटलं हुशारी केली! थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. 10,000 वर वर्षाचे 2,400. एवढं महाग कर्ज तर बँकही देत नाही. अभय योजना येईल म्हणून थांबणारे पुष्कळ आहेत. मला तो वेळेवर भरणाऱ्यावर अन्याय वाटतो.

आता तुमचं काम. पावती खिशात घालून नगरपरिषदेत जा, बजेटची प्रत मागा. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये फी. त्यात दोनच आकडे आधी बघा: मालमत्ता कराची मागणी किती आणि वसुली किती. मग नालीचं पान उघडा.