जनुक म्हणजे कुंडली नव्हे



‘नैराश्याचे जनुक’ या गेल्या अंकातील पत्रात लग्नाआधी जनुकचाचणी सुचवताना न्यूझीलंडमधल्या डनेडिन अभ्यासाचा दाखला दिला आहे. सेरोटोनिन-वाहक जनुकाचे आखूड रूप आणि आयुष्यातले आघात एकत्र आले की नैराश्याचा धोका वाढतो, असे २००३मध्ये ८४७ जणांच्या पाहणीवरून मांडले गेले, हे खरे. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००९मध्ये १४ अभ्यास एकत्र तपासल्यावर हा संबंध टिकला नाही. २०१९मध्ये लाखोंच्या नमुन्यात अशी १८ गाजलेली जनुके तपासली. नैराश्याशी संबंधात तीही इतर जनुकांपेक्षा वरचढ ठरली नाहीत. जनुके आणि आघात मिळून परिणाम करत असतीलही, पण छोट्या नमुन्यात जुळलेल्या जोड्या मोठ्या नमुन्यात बहुधा सुटतात. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के, तोही असंख्य जनुकांत चिमूट-चिमूट वाटलेला.

‘आईला नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावरून माझ्या बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडले. आमची आई सकाळच्या चहाबरोबर गोळी घेऊन रोज शाळेत शिकवायला जात असे. लग्नाआधी जनुकचाचणी करण्याची सूचना पत्रलेखकाने मागे घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा