फिकीर आणि एक गाणे

एकही वाद्य न वाजवता गाणे तयार होईल का? १९८८ साली अमेरिकेत असे एक गाणे निघाले. बॉबी मॅकफेरिन या गायकाने ते लिहिले, त्याला चाल दिली आणि ते गायलेही. त्यात ऐकू येणारा प्रत्येक आवाज त्याच्या गळ्याचा, ओठांचा किंवा अंगावर मारलेल्या थापेचा आहे. शीळ त्याची, मागे घुमणारा खर्जही त्याचाच. हे आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून एकावर एक बसवले आहेत. गाण्याचे नाव 'डोन्ट वरी, बी हॅपी', म्हणजे फिकीर करू नका, आनंदात राहा. ही फिकीर आपल्या उर्दूतली 'फिक्र'च बरे का! मराठीने तिला केव्हाच आपल्या घरात घेतले आहे.

सप्टेंबर १९८८ मध्ये हे गाणे अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या क्रमांकावर आले. वाद्यांशिवायचे गाणे तेथे प्रथमच पोहोचले होते. १९८९ साली त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

हे शब्द मॅकफेरिनला मेहेरबाबांच्या एका भित्तिपत्रकावर दिसले होते. मेहेरबाबा १८९४ साली पुण्यात जन्मले. अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. १९२५ पासून १९६९ साली निधन होईपर्यंत त्यांनी मौन पाळले. अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून, आणि पुढे नुसत्या खुणांनी, ते आपले म्हणणे सांगत. शब्द मौन पाळणाऱ्याचे आणि गाणे केवळ आवाजाचे, ही मोठी गंमत आहे.

गाण्यातल्या माणसाचे घरभाडे थकले आहे, खिसा रिकामा आहे, तरी तो शीळ घालतो. अडचणीतल्या माणसाला हसायला सांगणे ही त्याची थट्टाच नव्हे का, असे काहींना वाटले. मला तसे वाटत नाही. तो माणूस स्वतःलाच धीर देत आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्षपद मागणाऱ्या थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचारात हे गाणे वाजवले गेले. मॅकफेरिनने त्याला जाहीर विरोध केला. त्याने योग्यच केले. लोकांची फिकीर ज्याने करायची, त्यानेच लोकांना 'फिकीर सोडा' म्हणून कसे चालेल?

हे मला समजायला उशीरच झाला. गेल्या वर्षी मी वर्गात हे गाणे ऐकवले. सगळी मुले हसली, शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याच्या अब्बांचे यंत्रमाग दोन महिने बंद होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बेटा, फिकीर करू नकोस." तो "जी सर" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलाच नाही.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. थंड पडलेल्या मागाशेजारी बसून आम्ही बीजगणिताची बुडालेली उदाहरणे सोडवली. त्याच्या अम्मीने चहा दिला. अब्बांशी शाळेच्या खर्चाबद्दल बोलणे झाले. फिकिरीचा शब्द मी पुन्हा काढला नाही.

निघताना तो दारापर्यंत आला. "सर, त्या गाण्यात खरंच ढोलक नाही?"

मी छातीवर थाप मारून दाखवली.