धुराला किलोमीटर कळत नाहीत

मंडळी, जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. हवा बिघडलेल्या शहरांच्या त्या यादीत आपले अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. भूषण वाटावे अशी यादी नव्हे ही!

आता त्याच पर्यावरण मंत्रालयाचा दुसरा कागद बघा. धुरातला सल्फर डायऑक्साइड दोन वर्षांत आवरा, असे औष्णिक वीजकेंद्रांना डिसेंबर २०१५ मध्ये बजावले. मग मुदतीमागून मुदती दिल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली. यादीतल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत केंद्र असेल तर म्हणे विचार करू. पारसचे ५०० मेगावॅटचे केंद्र अकोल्यापासून त्याहून लांब आहे.

पण धुराला किलोमीटर कळतात का? हा वायू हवेत बारीक सल्फेट कण होतो आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो. आणि पारस-बाळापूरच्या माणसाला फुप्फुसे नाहीत काय?

सरकार म्हणते, आपल्या कोळशात गंधक कमी. मान्य. पण कोळसा जळतो किती? म्हणे यंत्रणेने वीज महागेल, कार्बनही थोडा वाढेल. मग जुने संच बंद करून सौर वीज करा की! वऱ्हाडात उन्हाचा काय दुष्काळ आहे?

नियम अंतर न बघता सगळ्या केंद्रांना लावा. रस्त्यावर पाणी शिंपडून धूळ बसते, चिमणीतला वायू नाही.