मधात खेळणारा

30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये ऐजॉल एफसीला आय-लीग फुटबॉलच्या विजेतेपदासाठी एकच गुण हवा होता. नवव्या मिनिटाला शिलाँग लाजाँगच्या दिपांडाने गोल केला आणि मिझोरामहून आलेल्या पाठीराख्यांचे चेहरे उतरले. उत्तरार्धात लालनुनफेलाने बरोबरी साधली, सामना 1-1 सुटला. ऐजॉलचे 37 गुण झाले, मोहन बागानचे 36. आदल्याच मोसमात ऐजॉलची घसरण खालच्या श्रेणीत झाली होती. गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले म्हणून त्यांना परत बोलावलं गेलं, आणि हे बोलावलेले पाहुणे करंडक घेऊनच निघाले.

मला त्या कथेतले दोन मुंबईकर जास्त खुणावतात. एक प्रशिक्षक खालिद जमील. दुसरा मधल्या फळीतला जयेश राणे, जो मुंबई एफसीत खालिदच्याच हाताखाली खेळला होता. खालिदही आपल्या दिवसांत मिडफिल्डरच.

आमच्या भागात मिडफिल्डर समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. गोंदिया-भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांवर पाणकर असायचा. कोणत्या बांधीत किती पाणी आणि केव्हा सोडायचं, ते त्याच्या हाती. धान पिकलं की नाव शेतकऱ्याचं. पाणकर आठवतो तो फक्त पाणी चुकलं तेव्हा. मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं काम याहून फार वेगळं नाही. चेंडू बचावाकडून घ्यायचा, मान वळवून बघायचं, आणि ज्याला तो या घडीला उपयोगी पडेल त्याच्याकडे सोडायचा.

खालिद 1977 मध्ये कुवेतमध्ये जन्मला. कुटुंब आखातातून भारतात आलं आणि त्याचं व्यावसायिक फुटबॉल मुंबईत घडलं. महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, शेवटी मुंबई एफसी. भारतासाठीही खेळला. पण दुखापतींनी त्याला सुखाने खेळू दिलं नाही, आणि 2009 च्या सुमारास, वयाच्या बत्तिशीत, तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. ज्या वयात चांगल्या मिडफिल्डरला खेळ खरा दिसू लागतो, त्या वयात हा रेषेबाहेर उभा राहिला.

आता त्याच्या क्लबांचं काय झालं ते बघा. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाने हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. एअर इंडिया 2013 मध्ये आय-लीगबाहेर गेला. मुंबई एफसीला खालिदने सात मोसम वरच्या श्रेणीत टिकवून धरलं. गोल कमी, बरोबऱ्या जास्त, बघायला रटाळ अशी टीका व्हायची आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण खिशात मोजके पैसे असलेला संघ खाली कधी गेला नाही. 2016 मध्ये तो बाहेर पडला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि नंतर मिटलाच. त्याच मोसमात खालिद ऐजॉलसोबत करंडक उचलत होता.

पुण्याचीही तीच गत. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका मोसमात आटोपला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबादने घेतली. महाराष्ट्रात क्लबाचं आयुष्य खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षा कमी भरतं. गुणवत्ता नाही, सुविधा नाहीत ही आपली नेहमीची रड. माझ्या मते दुखणं याहून साधं आहे: मालकाचा हिशेब फिरला की संघ गुंडाळला जातो, आणि मधल्या फळीची जी समज जमायला तीन-चार वर्षं लागतात, ती प्रत्येक वेळी पाटी पुसून पुन्हा शून्यापासून.

जयेश राणेने या परिस्थितीत फिरतीची नोकरी केली. मुंबई एफसी, चेन्नईयिन, ऐजॉल, कोलकात्याचा एटीके, बंगळुरू. ऐजॉलच्या मधल्या फळीत सीरियाचा अल अमना आणि लायबेरियाचा जार्यान यांच्या सोबतीने तो खेळला. 2020 च्या मार्चमध्ये एटीकेने मडगावात इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. करोना नुकताच आला होता, स्टेडियम रिकामं होतं, अंतिम सामना झाला तो खुर्च्यांसमोर. दोन वेगवेगळ्या राष्ट्रीय लीगची विजेतेपदं गाठीला असलेला हा मराठी मुलगा आपल्या किती घरांत नावाने ठाऊक आहे? रणजी क्रिकेटमध्ये एक शतक ठोकणाऱ्याचा फोटो आपण पहिल्या पानावर टाकतो. असो.

मध्यंतरी आम्ही घरची मंडळी एका रविवारी बोदलकसाला गेलो होतो. तिरोडा तालुक्यातला हा तलाव, भोवती डोंगर आणि जंगल. पाण्याकडे बघत डबे सोडायचे हा आमचा बेत, पण पाळीच्या खाली गावची पोरं फुटबॉल खेळत होती आणि माझा भाचा डबा टाकून तिकडे पळाला. चपलांचे गोलखांब, चेंडूची हवा अर्धी. जिथे चेंडू तिथे अख्खी फौज. मी ओरडलो, अरे एक जण तरी मागे मध्ये थांबा. भाचा घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "मामाजी, मधात थांबून का भेटते?"

मी त्याला खालिदची पुढची गोष्ट सांगितली. नॉर्थ ईस्ट युनायटेडला त्याने हंगामी प्रशिक्षक म्हणून आयएसएलच्या बाद फेरीत नेलं, मग जमशेदपूर, आणि ऑगस्ट 2025 मध्ये थेट भारताचा मुख्य प्रशिक्षक. सावियो मदेरा यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेला पहिला भारतीय. आल्या आल्या सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावात सिंगापूरकडून 1-2 हार आणि आशिया चषकाचं दार बंद. हेही सांगितलं. पोरांना अर्धीच गोष्ट सांगू नये.

भाच्यापेक्षा माझ्या बहिणीने जास्त लक्ष देऊन ऐकलं होतं. डबे भरता भरता तिने विचारलं, "दादा, यात नोकरी हाय का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. जुन्या कंपनी-संघांत खेळाडूला बऱ्याचदा नोकरीही मिळे. गुडघा गेला तरी पगार चालू. आता करार असतो. रक्कम मोठी, मुदत छोटी, आणि 2025 चा आयएसएल मोसम हक्कांच्या वादात वेळेवर सुरूच झाला नाही तेव्हा करार असलेलेही घरी बसले. मी तिला सांगितलं की रेल्वेत खेळाडूंच्या जागा निघतात. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला, पण तो आघाडीचा. शाळेकडून सुब्रतो चषकाचा संघ निघतो का, ते आधी गुरुजींना विचार.

"विचारतो," ती म्हणाली, "पण दहावी झाल्यावर." भाच्याची दहावी अजून दोन वर्षांवर आहे, आणि सुब्रतो चषकातला वयोगट दहावीसाठी थांबत नाही. या मुद्द्यावर आमचं तिरोडा येईपर्यंत वाजलं.