डिझेलची चिठ्ठी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये मार्च आला, आणि मार्चमध्ये आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. काकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि त्याचे हिशेब मी नोकरी सांभाळून रविवारी बघतो. पगार नाही. काकूच्या हातची शेंगापोळी मिळते, तेवढ्यावर भागतं.

नातेवाइकांना आधीच सांगून ठेवतो, यात घरातलीच एक गोष्ट येणार आहे. दादाला विचारलंय. तो म्हणाला, "लिही बे, काय व्हतंय त्याला."

तर गोष्ट डिझेलची. काकांचा एक टेंपो आहे. सूत आणायचं, तयार माल ट्रान्सपोर्टच्या गोदामावर टाकायचा, कधी पंढरपूर, कधी विजापूर (आता विजयपूर म्हणायचं, पण जिभेला सवय नाही). पंपावर आमचं उधारीचं खातं. ड्रायव्हरनं चिठ्ठी दाखवायची, डिझेल भरायचं, महिनाअखेर पंपवाल्याचं बिल यायचं आणि काका ते एकरकमी नोटा मोजून द्यायचे. वर्षानुवर्षं हेच. चिठ्ठीवर काय, तर तारीख, लिटर आणि सही. गाडीचा नंबर टाकायचं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण गाडी एकच!

२०२३च्या उन्हाळ्यात मी सहज भागाकार केला. महिन्याचं डिझेल ३१० लिटर आणि टेंपो फिरला २,४८० किलोमीटर. म्हणजे लिटरला आठ. टेंपो घेतला तेव्हा बारा मिळायचं. मी हा आकडा काकांना दाखवला. नुसता दाखवला नाही, "बघा काका, मी म्हणत नव्हतो?" अशा थाटात दाखवला. हिशेब बघणाऱ्या माणसाला चोरी सापडल्याचा जो आनंद होतो तो फार वाईट असतो, एवढं आता कळतंय.

ड्रायव्हरमामा आमच्याकडे अकरा वर्षं होते. अक्कलकोटकडचे, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारे. काकांनी त्यांना ऑफिसात बोलावून विचारलं. आवाज चढवला नाही, पण कारखान्यातल्या दोघातिघांसमोर विचारलं. मामा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मीटर लिवा की मालक. मीटर लिवा, मग बोला." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

नवा पोरगा आला. ॲव्हरेज आठच! मग मी एक शंभर पानी वही टेंपोत ठेवली, सुतळीनं पेन बांधलं आणि सांगितलं की डिझेल भरलं की मीटरचं रीडिंग आणि लिटर लिहायचं. महिन्यानं वहीतली बेरीज आली २०६ लिटर. पंपाचं बिल नेहमीसारखंच ३१०च्या आसपास. उरलेलं शंभरेक लिटर डिझेल गेलं कुठं?

फरशीवर सगळ्या चिठ्ठ्या पसरल्या तेव्हा उलगडलं. दादाची गाडी डिझेलवर. दादा महिन्यातून तीनदा पुण्याला जातो, जाऊन येऊन पाचशे किलोमीटर धरा. पंधराच्या ॲव्हरेजनं शंभर लिटर. चिठ्ठीपुस्तक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, सही करायचा त्यालाही अधिकार. घरची गाडी, घरचा धंदा, घरचंच डिझेल. त्यानं कधी लपवलं नाही, कुणी विचारलं नाही. आणि २,४८० किलोमीटरला २०६ लिटर म्हणजे टेंपोचं ॲव्हरेज बारा. मामांच्या वेळीही बाराच असणार.

तेव्हाच्या भावानं, म्हणजे त्र्याण्णव रुपयांच्या आसपास, ते शंभर लिटर महिन्याला साडेनऊ हजारांच्या घरात जातं. पण पैशापेक्षा मला जे खटकलं ते वेगळंच. बाहेरच्या माणसाकडे आपण पाच मिनिटांत संशयानं बघितलं आणि घरातल्या ड्रॉवरकडे वळून बघायला आम्हाला सहा महिने लागले.

हे सगळं सीएंना सांगितलं तर ते ॲव्हरेजकडे बघेनातच. त्यांचा पहिला प्रश्न, "बिल रोखीनं देता?" एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोखीनं दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही. पूर्वी ही मर्यादा वीस हजार होती, २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून दहा झाली. आमचं महिन्याचं बिल अठ्ठावीस हजारांच्या पुढं आणि काका ते एका दिवशी नोटांत देणार. काका म्हणाले, ट्रान्सपोर्टवाला मित्र तर सांगत होता पस्तीस हजारांपर्यंत चालतं. मित्र खोटं बोलत नव्हता. मालवाहतूक करणाऱ्यांना दिलेल्या पैशासाठी ती मर्यादा पस्तीस हजार आहे. पण आपण पैसे पंपाला देतो, भाडेवाल्याला नाही. ऐकीव सल्ल्याचं हे असंच असतं, अर्धा खरा असतो म्हणून जास्त महाग पडतो.

दुसरी ऐकीव गोष्ट जीएसटीची. काका वर्षभर पंपावरच्या पोराशी भांडत होते की बिलावर आमचा जीएसटी नंबर टाक. त्या बिचाऱ्यानं टाकला काय अन् न टाकला काय! १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेरच ठेवलं, त्यावर राज्याचा व्हॅटच चालू राहिला, आणि त्या व्हॅटची वजावट आमच्या जीएसटीत मिळत नाही. म्हणजे डिझेलमधला कर हा सरळ खर्चच. उलट टेंपोच्या टायरचं, सर्व्हिसिंगचं बिल घेताना नंबर टाकून घ्यायला हवा, कारण मालवाहू गाडीवरच्या त्या कराची वजावट मिळते. तिथं मात्र आम्ही वहीच्या कागदावर 'टायर २ नग' असं लिहून आणत होतो. जिथं भांडायचं तिथं गप्प, गप्प बसायचं तिथं भांडण.

आणि दादाचं काय? दादाच्या पुण्याच्या फेऱ्यांतल्या काही खरंच व्यापाऱ्यांकडच्या असतात, काही सासुरवाडीच्या. सीए म्हणाले, धंद्याची फेरी धंद्यात धरा, घरची धरू नका, आणि कुठली कुठली ते त्या त्या दिवशी लिहा. मार्चमध्ये आठवून लिहिलेली वही कुणालाही ओळखू येते. सगळ्या पानांवर एकच शाई असते :-)

इथं थोडं कडू बोलतो. आपल्याकडे 'पेट्रोलची बिलं आण रे' हा एक वार्षिक उत्सव आहे. पुतण्याच्या बाइकची, मेहुण्याच्या गाडीची, पंपावर कुणी टाकून दिलेली बिलं गोळा करून खर्चाला लावायची, आणि त्याला हुशारी म्हणायचं. मला हे पटत नाही, आणि फक्त कायद्यामुळं नाही. त्या गठ्ठ्यात तुमचा स्वतःचा खरा खर्च बुडून जातो. खोट्या बिलांच्या हिशेबातून टेंपो किती खातो हे कसं कळणार? आणि कळलं नाही की संशय फिरत फिरत कुणाकडे जातो, तर पगारी माणसाकडे. आम्ही खोटी बिलं लावली नव्हती, नुसता ढिलेपणा केला होता, तरी हे झालं.

काहीजण म्हणतील, आम्हाला बिलं लागतच नाहीत. खरं आहे. आमच्या गल्लीत एकाचे तीन छोटे टेंपो भाड्यानं चालतात. त्यांना दर टेंपोमागे महिना साडेसात हजार नफा धरून विवरण भरायची सोय आहे, डिझेलचा हिशेब कुणी विचारत नाही. म्हणून ते ठेवतही नाहीत. तिघांतला कुठला टेंपो कमावतो आणि कुठला त्यांना खातोय हे त्यांना आजही सांगता येत नाही. हिशेब सरकारसाठी ठेवायचा असतो हा समज कुठून आला कोण जाणे. आमचे आजोबा रोज संध्याकाळी रोजमेळ लिहायचे, तेव्हा ते काही कुणा अधिकाऱ्याला घाबरून नव्हे. दिवाळीला वहीपूजन आपण अजून करतो, वही मात्र कोरीच राहते.

पंपाच्या पावत्यांचीही एक गंमत. जुन्या जकात नाक्याच्या पावत्या आजोबांच्या ट्रंकेत आहेत, अजून वाचता येतात. जकात गेली, एलबीटी आला, १ ऑगस्ट २०१५पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला, पावत्या आहेत. आणि पंपाची यंत्रातून निघालेली गुळगुळीत पावती सोलापूरच्या एका एप्रिलात डॅशबोर्डवर करडी पडते. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची, आणि या चिठोऱ्याला चार महिनेही निघत नाहीत. आता पोरगा पावती हातात आली की मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतो. काका तरीही मूळ पावती तारेला टोचून ठेवतात. कोरे कागद का असेनात, तार भरलेली दिसली की त्यांना झोप लागते.

मामांचं राहिलं. २०२४च्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत ते नातवाला खांद्यावर घेऊन भेटले. काका पुढे झाले आणि तिथंच गर्दीत म्हणाले, "मामा, आमचं चुकलं." मामांनी नातवाला खाली उतरवलं. म्हणाले, "मीटर लिवताय का आता?" काका हो म्हणाले. मामा म्हणाले, "बरं झालं," आणि पाळण्याकडे गेले. परत या, असं काकांना विचारायचं होतं, पण मामा तोवर दुसरीकडे कामाला लागले होते. आणि नसते लागले तरी आले असते का, मला शंका आहे.

पंपाचं बिल आता दर शनिवारी बँकेतून जातं. चिठ्ठीवर गाडीचा नंबर छापूनच घेतलाय, टेंपोचं पुस्तक पांढरं, दादाचं गुलाबी. तरी दादा अधूनमधून पांढरी चिठ्ठी फाडतोच. मग रविवारी मी त्याला फोन लावतो, तो "विसरलो बे" म्हणतो, आणि त्या रविवारी शेंगापोळी जरा उशिरा मिळते.