'टिपणे' या क्रियापदाविषयी

मराठीत पाखरे दाणे टिपतात आणि शिकारी सावज टिपतो. छायाचित्रकाराने हे क्रियापद यांपैकी कोणाकडून घेतले, असा प्रश्न आंबोलीतील रात्रींविषयी विचार करताना आम्हांस पडतो.

पावसाळा लागला, की धायरीसारख्या पुण्याच्या उपनगरांतूनही शनिवार-रविवारच्या गाड्या सिंधुदुर्गातील त्या घाटमाथ्याकडे वळतात. मॅक्रो लेन्स, फ्लॅश, विजेऱ्या, आणि शोध मलबारी उडत्या बेडकाचा. या हिरव्या बेडकांची जोडी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करते. पिल्ले त्यातून खालच्या पाण्यात पडतात. म्हणजे फांदी कोणती, हा त्यांच्या वंशाचा प्रश्न असतो. काही कलावंतांच्या 'फ्रेम'मध्ये मात्र नेमकी तीच फांदी बसत नाही. मग बेडूक उचलून शोभिवंत पानावर ठेवला जातो आणि छायाचित्राखाली ओळ येते: 'नैसर्गिक अधिवासात'.

आमचा मुख्य आक्षेप या खोट्या ओळीला आहे. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असते, कारण तो कादंबरी म्हणूनच लिहितो. निसर्गछायाचित्र 'हे असे होते' अशी साक्ष देते. साक्षीदाराने घटनास्थळच सजवले, तर त्याच्या साक्षीला काय अर्थ उरतो?

या खोटेपणाची किंमत बेडूक मोजतो. तो कातडीवाटेही श्वास घेतो, पाणी शोषतो. आपल्या हातावरचे डासांचे मलम त्याला बाधू शकते. 1999मध्ये नामकरण झालेल्या कायट्रिड बुरशीने जगात बेडकांच्या अनेक जाती संपवल्या. ती चिखलाच्या बुटांवरूनही पसरू शकते. 2009मध्ये शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या, अतिसंकटग्रस्त आंबोली टोडची वीण तर पहिल्या पावसांनंतर, कातळावरच्या उथळ डबक्यांत होते. तिथे अंधारात कोणाचा पाय कुठे पडतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

'छायाचित्रे नसतील तर लोकांना आस्था कशी वाटेल?' असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. जागेवरच घेतलेले, ठिकाण-तारखेची प्रामाणिक नोंद असलेले छायाचित्र अभ्यासकालाही उपयोगी पडते. पण अर्धा पानाआड गेलेला बेडूक आपल्या आस्थेला पुरत नसेल, तर ती आस्था कोणाविषयी आहे?

स्पर्धांच्या परीक्षकांनी, संपादकांनी यापुढे एवढेच विचारावे: प्राण्याला हात लावला होता काय? उत्तर होकारार्थी असेल, तर छायाचित्र कितीही देखणे असो, बाद करावे.